दहा वाजताचा आवाज

९ फेब्रुवारी, गुरुवार

बुरुल गेली. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. खात्री केली ती रात्रपाळीच्या डॉक्टरीणबाईंनी – मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वेळ मोठ्यानं उच्चारली. दुसरी खात्री माझी. इथल्या, नारिनच्या रेडिओवर चौतीस वर्षं एकच नियम पाळला: दोन ठिकाणांहून पक्कं झाल्याशिवाय बातमी सोडायची नाही. झालं पक्कं.

सहाला इसाक दादा आला. मला मिठी मारली, रडला, आणि मान वर करून पहिलं वाक्य – "एर्निसला कळवलं नाहीस ना?"

नाही कळवलं. मॉस्कोत इस्पितळात छाती शिवून पडलेल्या पोराला काय कळवू, आई गेली म्हणून? डॉक्टरांनी सुनेला, बेगायिमला, बजावून ठेवलंय – धक्का बसता कामा नये. मार्चमध्ये पुन्हा उघडायचंय, हृदयाची झडप नीट बसलेली नाही.

१० फेब्रुवारी

माती दिली. जमीन गोठलेली, आधी शेकोटी पेटवून ती मऊ करावी लागली. मुलाच्या जागी दादाचा थोरला उभा राहिला. बाया मयतासाठी उभारलेल्या दादाच्या युर्तमध्ये, लोकरीच्या गोल तंबूत, भिंतीकडे तोंड करून गात रडत होत्या, मी बाहेर काठीला टेकून. सगळं रीतीप्रमाणे. एकच गोष्ट रीतीप्रमाणे नाही – रेडिओच्या दुपारच्या निवेदनांत तिचं नाव वाचलं गेलं नाही. जिल्ह्यातला प्रत्येक मृत्यू मी वाचला. हिचा नाही. नारिनचा रेडिओ मॉस्कोतही फोनवर लागतो, म्हणून! दादानं आल्यागेल्या प्रत्येकाला दारात थांबवून सांगितलं: कुठं फोटो टाकायचा नाही, अक्षर लिहायचं नाही.

११ फेब्रुवारी

तिचा फोन वाजला. एर्निसचा निरोप, आवाजातला.

"आई, तीन दिवस झाले. बेगायिम म्हणते, घसा बसलाय. नुसतं खाकरून तरी पाठव गं, कळेल आहेस ते."

रोज दहा वाजता – तिकडे सात – ती स्वयंपाकघरातून त्याला आवाज पाठवायची. त्याला फोनवर फार वेळ बोलायची मनाई, दम लागतो; चार शब्दांचा निरोप चालतो, ऐकायला मनाई नाही. आता दहा वाजले की काय?

दादा म्हणाला, "तिचे जुने निरोप आहेत ना फोनमध्ये? त्यातलं कापून जोड."

मी म्हणालो, "दादा, ही फसवणूक आहे."

"अरे, मंत्र्यांची वाक्यं कापूनजोडून त्यांना शहाणं केलंस जन्मभर! आता घरच्यासाठी कापायला हात थरथरतो?" मग आवाज खाली आणून – "आपल्यात असली बातमी तारेवरून देत नाहीत, कुबात. परमुलखातल्या माणसाला तर नाहीच. तो बरा होऊन घरी येईल. आपण चहाला येतो म्हणून सांगू. असू आठ-दहा जण. मुल्ला बरोबर. आडून आडून बोलत त्याला तिथवर नेऊ, आणि मग ऐकवू. एकट्या माणसाला ऐकवायची गोष्ट नाही ती."

ठाऊक आहे मला. सैन्यातून परतलो तेव्हा माझ्यासाठीही आले होते. दहा म्हातारे. ससाणा एका हातावर किती दिवस बसतो, यावर बोलत होते. चहाची दुसरी वाटी हातात होती तेव्हा मला समजलं की बाबा नाहीत. वाटी पडली नाही, कारण दोन्ही बाजूंनी माझे हात धरलेले होते.

बेगायिमला दादानं सगळं सांगितलंय. तिनं फक्त "बरं" म्हटलं म्हणे.

१२ फेब्रुवारी

तिच्या फोनमधून दोनशे बारा निरोप काढले. एर्निसनंच शिकवलेलं संगणकावरचं साधन – काळी खिडकी, चित्र नाही, बटण नाही. एक ओळ लिहायची: कोणती फाइल, कितव्या सेकंदापासून, किती सेकंद. तो तिकडे ध्वनी जोडण्याचंच काम करतो, परक्या सिनेमांवर आपले आवाज बसवतो. मला म्हणायचा, "बाबा, माऊस सोडा. डोळ्यांनी कापणारा चुकतो. आकड्यांनी कापा." वहीत त्यानं लिहून दिलेल्या ओळी अजून आहेत. शेवटची, दोनदा अधोरेखित: प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एक शतांश सेकंद आवाज उतरवायचा, नाहीतर जोडावर 'टक' ऐकू येतं.

म्हणजे ज्याला फसवायचंय त्यानंच शिकवलेल्या विद्येनं फसवायचं. आणि तो जोड ऐकून पोट भरणारा!

आज वापरण्याजोगे नऊ तुकडे निघाले. 'उठलास का' चार प्रकारची. 'जेव नीट' – सात, पण पाचांत माझं खोकणं आहे.

१३ फेब्रुवारी

पाठवला. "उठलास का? घसा बराय आता. जेव नीट." सहा सेकंद. 'घसा' दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातला, 'बराय' घोड्याबद्दलचं.

सव्वादहाला उत्तर: "आली बाई एकदाची! अगं, काल रात्री मेलीस की काय वाटलं मला."

बाहेर जाऊन बर्फ ओढत बसलो. अंगणात नव्हतंच फारसं.

१५ फेब्रुवारी

जोडांच्या मध्ये पोकळी पडते. एक तुकडा उन्हाळ्यातला, एक थंडीतला – मागचा गुणगुणाट वेगळा. माणसाला कळत नाही, कानाला कळतं. सगळ्यांच्या खाली एकच खोली पसरायला हवी.

म्हणून दुपारी स्वयंपाकघरात फोन टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो. फ्रिज, खिडकीची फट, नळ. चाळीस सेकंद. फाइलला नाव काय द्यायचं? 'खोली' लिहिलं. तीच आता रोज तिच्या बोलण्याखाली अंथरतो. तिच्याशिवायचं स्वयंपाकघर, वर तिचा आवाज.

१९ फेब्रुवारी

घात झाला होता!

"आई, फेब्रुवारीत पाकोळ्या? वळचणीचं घरटं आतापासून भरलं?"

तीनदा ऐकला होता मी तो तुकडा. 'बाहेर ऊन छान आहे' – मे महिन्यातला. पाकोळ्या इतक्या ओळखीच्या की ऐकूच आल्या नाहीत. चौतीस वर्षं कानांवर जगलो आणि घरातलीच चिवचिव निसटली.

मग मी माझ्या आवाजात निरोप पाठवला: टीव्ही चालू होता, पक्ष्यांचा कार्यक्रम.

उत्तर: "बाबा, तुम्ही आणि सकाळी टीव्ही? म्हातारे झालात हं." हसला. हसताना खोकला. त्याच्यामागे कुठली तरी ढकलगाडी करकरत गेली. इस्पितळातली असणार – तेल नाही चाकाला.

२४ फेब्रुवारी

आज त्याचा सरळ प्रश्न. "आई, छपराचा पत्रा बसवला का बाबांनी? की अजून 'उद्या'?"

'हो' हवा होता. बायकोचा एक साधा 'हो'! दोनशे बारा निरोपांत तिनं माझ्याबद्दल म्हटलेला हो एकही नाही. 'नाही' एकोणीस. 'कसला बसवतायत' एक – हे मात्र नेमकं बसलं. तेच पाठवलं. खरंही तेच आहे.

तो खूश. म्हणे, "तुझा आवाज परत जागेवर आला."

२८ फेब्रुवारी

दादा आला, म्हणाला, "तुझ्या चेहऱ्याकडे बघवत नाही, दाढी तरी कर." मी म्हणालो, "दिवसभर कानात ती बोलत असते. रडायचं कधी?" तो म्हणाला, "पोरगा घरी आला की. दोघं मिळून रडा. मी येईन रुमाल घेऊन."

५ मार्च

तुकडे संपत आले. एकच 'उठलास का' तिसऱ्यांदा वापरलं. त्याच्या ध्यानात आलं नसावं. आलं असलं तर बोलला नाही.

११ मार्च

जे नको होतं तेच मागितलं त्यानं.

"आई, मंगळवारी सकाळी आत नेणार. त्याआधी दुवा दे. नीट, हात उघडून, पूर्ण. मागच्या वेळी तू दिलीस म्हणून उठलो मी."

मागच्या वेळी तिनं ती फोनवर थेट दिली होती. तिचं रेकॉर्डिंग नाही. दोनशे बारांत 'अल्ला तुझं भलं करो' अर्धंमुर्धं, मध्ये कुकरची शिट्टी.

दादाकडे गेलो. म्हणालो, "जेवणाखाण्याच्या गप्पा ठीक. मेलेल्या बाईच्या तोंडची दुवा मी जोडायची? ती पोचेल कुठं?"

दादानं चहाची वाटी खाली ठेवली. मग – "तिनं आयुष्यात कधी तरी दिलेली शोध. नवी बनवू नकोस. दिलेली असली तर ती खोटी नाही."

१२ मार्च

सापडली! रेडिओच्या कपाटात, नूरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, कार्यक्रमाचं रीळ, पंचवीस वर्षांपूर्वीचं. ती तेव्हा बालवाडीत शिकवायची, मुलांना घेऊन स्टुडिओत आली होती. शेवटी मी तिला म्हटलं, श्रोत्यांना दुवा द्या. दिली. "वाट सरळ असो. पाठीशी डोंगर असो. गेलेला परत येवो. ओमीन."

बावीस सेकंद. फाइल करून ऐकली आणि काही तरी खटकलं. 'परत येवो' आणि 'ओमीन' चिकटलेत. ती अशी कधीच देत नसे. हात चेहऱ्यावरून फिरवायच्या आधी थांबायची – इतकं थांबायची की पोरं एक डोळा उघडून बघायची.

मग आठवलं. मीच कापली होती ती जागा. ब्लेडनं, टेपवर. साडेतीन-चार सेकंद. रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा, असं शिकवलं होतं आम्हाला. त्या टेपचा तुकडा केराच्या टोपलीत गेला असणार.

आता ती जागा परत कुठून आणू? शेवटी 'खोली' उघडली. तिच्यातले चार सेकंद घेतले – नळ टपकायच्या आधीचे – आणि 'परत येवो'नंतर ठेवले. आवाज थोडा जड केला, फोनसारखा अरुंद केला. तरी तिशीतलीच ऐकू येते. होत नाही म्हातारी!

१३ मार्च, सोमवार

दहाला पाठवली.

उत्तर यायला चाळीस मिनिटं लागली. मी तोवर फोनसमोरून हललो नाही.

"ओमीन, आई." मग नुसता श्वास. "आज तुझा आवाज लहान झाला गं. मी बालवाडीत बसल्यासारखं वाटलं मला. … बाबांना सांग, पत्रा मी आल्यावर बसवू. दोघं मिळून."

त्याला काय ऐकू आलं? काय कळलं? अकरा वेळा ऐकलं. कळत नाही.

१४ मार्च

आत नेलं. बेगायिमचा एका ओळीचा मेसेज. मग दिवसभर काही नाही. संध्याकाळी दादाचा फोन: "झालं ऑपरेशन. बोललो मी तिच्याशी. तू झोप." आवाज घोगरा. सर्दी आहे म्हणाला.

१५ मार्च

तिच्या फोनवर निरोप! चार सेकंद. "आई, मी बराय. बोलताना दम लागतो."

फोन छातीशी धरला. काय करावं सुचेना, गायीला दुप्पट गवत टाकलं.

१७ मार्च

रोज येतोय. "मी बराय. जेवलो मी." बास. प्रश्न नाही, थट्टा नाही. मला बरंच झालं – प्रश्न नाहीत तर उत्तरं जोडायला नकोत. दोनच तुकडे पुरतात.

दादा रोज येऊन बसतो. चहा घेतो, अंगणाकडे बघतो. "येतायत ना त्याचे निरोप?" "येतायत." "मग झालं." निघताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि काढायचा विसरतो.

२० मार्च

बुरुलचा चाळिसावा दिवस. घोडी कापली, कणकेचे बोर्सोक तळले, मुल्लांनी कुराण वाचलं. सगळं शहर आलं. मी बायांकडे पाहिलं की त्या नजर वळवत होत्या. जावई नाही, लेक नाही, पोरगा परमुलखात – म्हणून असेल.

दफनभूमीत गेलो तर बुरुलच्या शेजारी बर्फ साफ केलेलं, फावडी आणि जळकी लाकडं. विचारलं. दादाचा थोरला म्हणाला, "काका, दगड बसवायचाय ना काकूंचा." दगडाला शेकोटी कशाला? दादाचा युर्तही ट्रकवर चढवलेला होता. उद्या नूरूझ, मैदानात लावायचाय म्हणाला.

२१ मार्च, मंगळवार

नूरूझ. मैदानात गेलो नाही. दादाचा युर्त तिथं नव्हता, असं शेजारीण म्हणाली.

आजचा निरोप: "आई, मी बराय. जेवलो मी."

ढकलगाडी ऐकू आली. करकर. मला आनंद झाला – आपल्या ओळखीची गाडी! मग कालचा निरोप लावला. 'बराय'नंतर करकर. परवाचा. करकर. गाडी रोज जाते, जाऊ दे. पण रोज 'बराय' म्हटल्यावर त्याच क्षणी?

मोजलं. सात दिवस, सात निरोप. 'बराय' संपल्यापासून करकर सुरू होईपर्यंत ब्याऐंशी शतांश सेकंद. सातही वेळा.

एक परीक्षा आहे, त्यानंच शिकवलेली. एक आवाज उलटा करायचा – जिथं डोंगर तिथं दरी – आणि दुसऱ्यावर चढवायचा. माणूस एकच वाक्य दोनदा बोलला तर ती कधीच एकमेकांना पुसत नाहीत. श्वास वेगळा, घाई वेगळी. एकाच मुशीतून आलेली असली तरच पुसली जातात.

ओळ लिहिली. बोट एंटरच्या कळीवर ठेवलं.

दाबलं. कान लावून ऐकलं. वाळू सरकावी तेवढी खसखस. बाकी काही नाही.

टोकं मोठी करून पाहिली. दोन्हीकडे एक शतांश सेकंद आवाज उतरवलेला. जोडावर 'टक' नाही. त्याच्याच पद्धतीचं काम. त्याच्या तिकडच्या स्टुडिओतल्या कुणाला तरी त्यानं शिकवलं असणार.

किंवा तो स्वतःच कापत असेल. दम लागतो म्हणून एकदाच बोलून ठेवलं असेल. असू शकतं. असू शकतं ना?

बेगायिमला फोन केला. उचलला. "झोपलेत, बाबा. आत्ताच डोळा लागलाय." तिच्यामागे इस्पितळ नव्हतं. मोठं दालन होतं, उंच छत, आवाज घुमत होता, आणि भोंग्यातून बाई रशियनमध्ये इकडे बिश्केकला येणाऱ्या विमानाबद्दल सांगत होती.

मी विचारलं, "तू जेवलीस का?"

ती म्हणाली, "जेवले." आणि फोन ठेवायच्या आधी थांबली. मी मोजले. चार सेकंद.

२२ मार्च, बुधवार

ताजी बातमी: नाही. खात्री: कुणी केलेली नाही, मी मागितलेली नाही.

आठ वाजता दादाचा फोन आला. "आज कुठं जाऊ नकोस. आम्ही चहाला येतोय."

"किती जण?"

"असू आठ-दहा. मुल्ला बरोबर आहेत."

वाट्या मांडल्या आहेत. ते दहाला येतील.